मुंबई ‘आंदण’ मिळाली : सातवी-आठवीला हे एका वाक्यात उरकावं का?

खडूफळा
‘१६६१ साली पोर्तुगालने राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण दिली.’ एवढं सांगून आपण पुढे सरकतो. मुलांना वाटतं, नवरीबरोबर भांडीकुंडी आली तशी मुंबई आली. ३५ मिनिटांच्या तीन तासिका द्याव्यात, असं माझं मत.

पहिली नकाशाची. ट्रेसिंग पेपरवर सात बेटं काढून घ्या : कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. आजचा नकाशा नंतरच खाली सरकवा. आधी दाखवलात, तर मधल्या खाड्या मुलांना ओढे वाटतात.

दुसरीत चार चिठ्ठ्या : लग्नाचा तह (पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, १६६१), गोव्याच्या व्हाइसरॉयचा नकार (१६६२), ताबा (फेब्रुवारी १६६५), ईस्ट इंडिया कंपनीला सनद (२७ मार्च १६६८, भाडं वर्षाला १० पौंड). वर्षं झाकून क्रम लावायला सांगा.

तिसरीत दोन मीटर दोरी, दर १५ सेंटिमीटरला एक वर्ष, १६६१ ते १६७४. वर मुंबई, खाली १६६४ सुरतेची लूट, १६६५ पुरंदरचा तह, १६६६ आग्रा, १६७४ राज्याभिषेक. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता, तिथे दोन्ही बाजू एका गाठीत येतात.

तासिका_संपली
तीन तासिका आणणार कुठून? शिवाय वर्षं झाकली की बारा वर्षांचं मूल अंदाजच मारणार, त्याला पुरावा तपासणं म्हणू नका. वाक्यच दुरुस्त करा : ‘१६६१ ला कबूल केली, १६६५ ला ताबा दिला, १६६८ ला राजाने कंपनीला दिली.’ तीन क्रियापदं, दहा मिनिटं.

गॅझेटियरवाला
क्रियापदं बरोबर, पण त्यांत ‘का’ कुठे आहे? पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनपासून फुटला होता आणि डच त्याची ठाणी एकेक करून घेत होते : १६५६ ला कोलंबो, १६६३ ला कोची. इंग्रजांचं आरमार पाठीशी हवं, म्हणून हा व्यवहार. त्यात मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजियर बंदरही गेलं, मुंबई एकटी नव्हती.

मग १६६१ ते १६६५ हा खोळंबा. खरा धडा तिथेच आहे. इंग्लंडच्या राजाने ताबा घ्यायला पाठवलेला अब्राहम शिपमन सुमारे ४०० शिपाई घेऊन आला. व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो बेट सोडेना, आणि दिलेलं बेट नेमकं कुठपर्यंत, यावरही वाद. शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तापाने मेले, १६६४ मध्ये शिपमनही गेला. त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकने ताबा घेतला तेव्हा शंभराच्या आसपास उरले होते. हे ऐकल्यावर ‘आंदण’ शब्द मुलं स्वतःच खोडतील.

चिठ्ठ्यांत एक खाच आहे, खडूफळा. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला बदलतं, त्यामुळे फेब्रुवारी १६६५ तिथे १६६४ दिसतो. मूळ कागदाची नक्कल वाटणार असाल तर वर्गात गोंधळ ठरलेला.

बखरवाचक
दोघांचाही एक घोटाळा : वखार आणि वसाहत यांतला फरकच आला नाही. सुरतेत इंग्रज मुघलांच्या परवानगीने राहत होते, मुंबई इंग्लंडच्या राजाच्या मालकीची होती. आणि ‘ब्रिटिश’ वसाहत म्हणू नका. इंग्लंड-स्कॉटलंड १७०७ ला एक झाले, त्याआधी इंग्रजच.

तासिका_संपली
मान्य. पण चिठ्ठ्यांत बोलतं कोण? राजा, व्हाइसरॉय, कंपनी. कोळी, भंडारी, कुणबी कुठे आहेत? गटाला ‘तुम्ही कोळी’ म्हणून बसवलंत, तर पुराव्याशिवाय संवाद रचावे लागतील.

खडूफळा
म्हणून पाचवी चिठ्ठी घालू. १६७४ चा, मुंबईचा कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याचा करार : लोकांनी दरसाल २०,००० झेराफिन (पोर्तुगीज चांदीची नाणी) भरायचे, कंपनीने त्यांच्या जमिनी कायम करायच्या. यात रहिवासी एक पक्ष आहेत.

तासिका_संपली
जमीनवाले पक्ष आहेत. होडी आणि जाळं एवढंच ज्याच्याकडे, तो यातही नाही. चिठ्ठी घाला, पण सहावी कोरी ठेवा आणि कोरी का, हेच वर्गाला विचारा.

गॅझेटियरवाला
कोरी चिठ्ठी आवडली. तरी तासिका दोनच लागतील, दोरी आधीच बांधून आणा.