अमेरिकी पासपोर्टची मुलगी, पुण्यातली शाळा: ओसीआय पुरेल का?

प्रश्न: मुलगी ६ वर्षांची, जन्म न्यू जर्सीचा. आम्ही दोघं भारतीय नागरिक. जूनपासून पुण्यात शाळा. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आता काढतोय, तेवढं पुरेल?

उत्तर: शाळेला पुरेल. खरा पेच बारावीनंतर. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट-जेईईत ओसीआयधारकांना फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या जादा) जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आधीच्या कार्डधारकांना वाचवलं, नव्यांना नाही. त्या जागांची फी आजच पाहून ठेवा.

दुसरं उत्तर: विशीपर्यंत प्रत्येक नवा पासपोर्ट ३ महिन्यांत ओसीआय पोर्टलवर चढवायचा. सोळाच्या आतला अमेरिकी पासपोर्ट ५ वर्षांचाच, म्हणून तारखा हुकतात. शिवाय त्या पासपोर्टच्या अर्जाला आईवडील दोघंही हजर लागतात, नाहीतर गैरहजर पालकाची नोटरी केलेली संमती.

प्रश्नकर्ता: भारतीय नागरिकत्वच घेतलं तर?

उत्तर: नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली अज्ञान मुलांची नोंदणी होते, पण दुहेरी नागरिकत्व नाही. घाई करू नका.