बाबांची बायपास झालेली आहे, आता सीटी अँजिओ करावी का?

कोथरूडकर:
बाबा ७१, बायपास २०१२ ला, तीन ग्राफ्ट (ब्लॉक टाळायला जोडलेल्या शिरा). इतकी वर्षं रोज पर्वती चढायचे पण दिवाळीपासून निम्म्यातच पायरीवर बसतात, छाती चोळतात आणि म्हणतात काही नाही, दम लागला. डॉक्टर म्हणाले आधी सीटी अँजिओ करून ग्राफ्ट बघू. मनगटातून नळी घालून अँजिओ करतात तीच थेट का नको? सीटीत नीट दिसतं का?

सीटीवाली ताई:
मी सीटीवरच काम करते. पायातली शीर काढून जोडलेली असते ना, ती हृदयाच्या मूळच्या शिरांपेक्षा जाड असते आणि कमी हलते, त्यामुळे चालू आहे की बंद ते छान कळतं. अडचण मूळच्या शिरांची, त्यात कॅल्शियम साठलेलं असतं, ते पांढरंफेक चमकतं आणि ब्लॉक आहे त्याहून मोठा वाटतो. आणि ब्लॉक सापडलाच तर स्टेंट टाकायला कॅथलॅबमध्ये (नळी घालून करतात ती खोली) जावंच लागतं, सीटीत ते होत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच बायपास झालीय असं सांगा हं, कारण एरवी आम्ही हृदयापुरतंच स्कॅन करतो, पण लिमा ग्राफ्ट (छातीच्या आतल्या डाव्या धमनीचा) गळ्याच्या हाडाजवळून खाली येतो, तिथपासून घ्यावं लागतं. सुई शक्यतो उजव्या हाताला, डावीकडून डाय (शिरा उठून दिसाव्यात म्हणून सुईतून देतात ते औषध) दिला तर लिमाच्या सुरुवातीलाच रेघा येतात. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, नाडी ६० च्या आसपास हवी.

धायरीचा सचिन:
ऑपरेशनची जुनी फाईल न्याच!! आमच्या आईच्या रिपोर्टमध्ये दोनच ग्राफ्ट दिसले, आम्ही समजलो तिसरा गेला, रात्रभर कुणी झोपलं नाही. मग ऑपरेशन नोट मिळाली, त्यात लिहिलेलं की एकच शीर पुढे नेऊन दोन ठिकाणी जोडलीय, म्हणजे सगळं चालू होतं. आणि क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून घ्या, डायमुळे किडनीवर ताण येतो.

अनघा_सातारा रोड:
माझा भाचा २३ वर्षांचा, पळताना चक्कर येऊन पडला, ब्लॉक एकही नाही. सीटीत दिसलं की उजवी कोरोनरी (हृदयाला रक्त देणारी शीर) जन्मापासूनच डाव्या बाजूने निघालीय आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते. तो रस्ता सीटीतच नीट कळतो म्हणाले. पण काकांना बसल्या जागी दुखलं तर सीटीची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

कोथरूडकर:
खूप आभार सगळ्यांचे. माळ्यावरच्या पेटीत फाईल सापडली, एक लिमा आणि पायातल्या दोन शिरा असं लिहिलंय. क्रिएटिनीन उद्या सकाळी. डॉक्टरांना विचारून पर्वती बंद केलीय, सध्या घरातल्या घरात फिरतात.