रोमहून ओर्विएतो, एकटीनं आणि एका दिवसात: गाडी, चढण, शाकाहारी जेवण

शाहूपुरीची_पाखरू
ऑक्टोबरमध्ये चार दिवस रोममध्ये आहे. त्यातला एक दिवस डोंगरावरच्या ओर्विएतोला द्यायचा आहे, सोबत कुणी नाही. गाडीचं तिकीट इथून कोल्हापुरातूनच काढून ठेवू का? स्टेशन खाली आणि गाव कड्यावर, मग वर जायचं कसं? एक गुडघा कुरकुरतो. अंडंही चालत नाही. आणि त्याच दिवसात जवळचं चिविता दि बान्योरेज्जो हे गाव बसेल का?

रंकाळा_टॉवर
ताई, आधी काढायची गरज नाही. रेजिओनाले, म्हणजे साध्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, नऊ-दहा युरोच्या आसपास. आदल्या दिवशी काढा नाहीतर महिनाभर आधी, फरक नाही. वेळ सव्वा ते दीड तास. इंटरसिटी थोडी लवकर पोचते, पण महाग आहे आणि तिकीट त्याच गाडीला बांधलेलं. गाडी चुकली तर पंचाईत.

लोक फसतात ते शिक्का मारायला विसरून. रेजिओनालेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवर काढलंत तर चढण्यापूर्वी ऑनलाइन चेक-इन करायचं, तिथून चार तास ते चालतं. हे राहिलं तर पैसे भरलेले असूनही दंड होतो, तपासनीस ऐकून घेत नाही.

फलकावर ‘ओर्विएतो’ शोधत बसू नका. तिथं शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं, बहुतेकदा फिरेंझेचं (फ्लॉरेन्स). गाडीचा नंबर जुळवा. रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनावर या गाड्या कधीकधी ‘१ एस्त’ किंवा ‘२ एस्त’वरून सुटतात. ते फलाट मुख्य फलाटांच्या पार पुढे आहेत, चालत दहा मिनिटं सहज जातात.

आदल्या रात्री ‘शोपेरो’, म्हणजे संप, आहे का तेवढं बघा. संपातही कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रेजिओनाले गाड्या धावतात.

पन्हाळ्याचा_वारा
चढायचं टेन्शन नको. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच फ्युनिक्युलर, दोरावर ओढली जाणारी गाडी. १८८८ साली ती पाण्याच्या वजनावर चालायची, १९९० पासून विजेवर चालते. दोन-तीन मिनिटांत वर पियात्सा काहेन या चौकात सोडते. तिकीट जपून ठेवा, त्यावरच दुओमोपर्यंतची, म्हणजे मोठ्या चर्चपर्यंतची, छोटी बस मिळते.

गुडघ्यासाठी क्रम असा ठेवा: बसनं थेट दुओमो, मग कोर्सो काव्हूर या रस्त्यानं हळूहळू चालत परत काहेनला. हा सगळा रस्ता उताराचा आहे. उलटं केलंत तर तोच रस्ता चढावा लागतो.

दुओमोचं बांधकाम १२९० साली सुरू झालं. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या भिंती बाहेरून बघून परतू नका. आत सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत, १४९९ ते १५०४ मधली. त्यांना निवांत अर्धा तास द्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तो दिवस टाळलेला बरा.

पोत्सो दि सान पात्रित्सिओ ही विहीर काहेनजवळच आहे. पन्हाळ्याची अंधारबाव पाहिलेल्या माणसानं ती चुकवू नये. वेढा पडला तर गडावर पाणी हवं, हीच दोन्हीकडची काळजी. १५२७ साली रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट ओर्विएतोला आला आणि त्यानं ही विहीर खोदायला लावली. खोली ५३ मीटर. एकमेकांभोवती फिरणारे दोन वेगळे जिने: रिकामी खेचरं एकानं उतरायची, पाणी घेऊन दुसऱ्यानं चढायची, समोरासमोर कधी येत नसत. तळाशी दोन्ही जिने एका छोट्या पुलानं जोडलेत. प्रत्येकी २४८ पायऱ्या आहेत, पण खेचरांसाठी केलेल्या म्हणून रुंद आणि बुटक्या. तळाशी गार आणि दमट असतं, पायऱ्या ओलसर. तळव्याला पकड असलेले बूट घाला.

तोर्रे देल मोरो या मनोऱ्याच्याही अडीचशेच्या घरात पायऱ्या आहेत. गुडघा बघता दोन्ही करू नका, मनोरा सोडा.

शाहूपुरीची_पाखरू
विहीर नक्की. मग जेवण विहिरीआधी की नंतर?

बिनकांद्याची_मिसळ
आधी, आणि दीडच्या आत बसा. अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, दुकानंही दुपारी चारपर्यंत मिटलेली.

‘उम्ब्रिकेल्ली’ मागवा. हा तिथला जाडा पास्ता, मूळ पद्धत फक्त पीठ आणि पाण्याची. तरी ‘सेन्त्सा उओवा’ (अंड्याशिवाय) आणि ‘सेन्त्सा कार्ने’ (मांसाशिवाय) दोन्ही म्हणा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर अंडं वगळलं जात नाही. टोमॅटो-लसणाचा सॉस चालेल, ‘आमात्रिचाना’ नको, त्यात डुकराच्या गालाचं मांस असतं. डाळीच्या सूपमध्येही हॅमचे तुकडे निघतात. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं (दूध फाडायचं विरजण) करतात, तेही चालत नसेल तर ‘सेन्त्सा फोरमाज्जो’. पाव तिकडं बिनमिठाचा मिळतो, बिघडलेला समजू नका. शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या. बिलात ‘कोपेर्तो’ दिसलं तर ते बसण्याचं शुल्क आहे, फसवणूक नाही.

रंकाळा_टॉवर
चिविता त्याच दिवशी नको. ओर्विएतोहून बान्योरेज्जोची बस पाऊण-एक तास घेते, फेऱ्या मोजक्या, रविवारी तर नाहीच. पुढं गावातून चालत जाऊन लांब पादचारी पूल चढायचा.

पन्हाळ्याचा_वारा
सकाळी सातच्या आसपास निघालात तर जमेल, पण मग विहीर किंवा चॅपेल यातलं एक सोडावं लागेल. मी चिविता सोडेन. फ्युनिक्युलर रात्री साडेआठच्या आसपास बंद होते. वर जातानाच स्टेशनातल्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा आणि परतीला शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा.