मदत हवी आहे: सीलिअ‍ॅक आहे, इथिओपियन जेवणाला जाऊ का?

अबोली:
नमस्कार, फोंड्याहून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी सीलिअ‍ॅकचं निदान झालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन मला चालत नाही. तेव्हापासून पाव, उंडे, बेबिंका सगळं बंद. चवथीला नेवऱ्या फक्त दुसऱ्यांना वाढायच्या. बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे कळायलाच सहा महिने गेले.

येत्या रविवारी नणंदेचा चाळिसावा वाढदिवस. आसगावला एका घरगुती जागी इथिओपियन जेवणाचा बेत आहे नि तिने सगळ्यांची नावं देऊनही टाकलीत. त्यांच्या पोळीला इंजेरा म्हणतात. म्हणते, "वहिनी, इंजेरा टेफचा असतो, टेफात ग्लूटेन नसतं, तू बिनधास्त खा." टेफाचं खरं आहे. पण मागे एका हॉटेलात नाचणीची भाकरी म्हणून जे वाढलं त्यात कणीक निघाली. विचारलं तर म्हणे, "थोडीशीच घालतो, थापायला बरी पडते." पुढचे तीन दिवस माझी काय दशा होती ते नवऱ्याला विचारा.

फोनवर नेमकं काय विचारू? आणि सगळे एकाच ताटात जेवतात म्हणे, त्याचं काय करायचं?

मांडवीकाठ:
अदिस अबाबात चार वर्षं शिकवायला होतो, म्हणून लिहितो. टेफ म्हणजे खसखशीएवढं धान्य. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मितादवर, म्हणजे मोठ्या सपाट तव्यावर, एकाच बाजूने भाजतात. वर आपल्या आंबोळीसारखी जाळी पडते. पण टेफ महाग. तिथेही स्वस्त खानावळीत ज्वारी, मका, जव मिसळतात. ज्वारी-मका तुम्हाला चालेल, जव नाही. देशाबाहेर तर बऱ्याच ठिकाणी सरळ मैदा घालतात.

"ग्लूटेन-फ्री आहे का?" असं विचारू नका, उत्तर "हो" असंच येतं. "पिठात काय काय आहे?" विचारा. आंबवण मागच्या घाण्यातलं आहे का, तेही विचारा. त्याला एर्शो म्हणतात. मागचं पीठ मिश्र असेल तर नव्या शुद्ध टेफातही गहू आलाच. तवा तोच असतो, ते वेगळंच.

मिसिर वॉट म्हणजे मसुरीची तिखट आमटी, शिरो म्हणजे पिठलंच म्हणा, गोमेन ही पालेभाजी. यांत एरवी गहू नसतो. बर्बेरे मसाला किंवा शिरोचं पीठ पाकिटातलं असेल तर पाकीट बघा. साम्बुसाला हात लावू नका, ते समोसेच. तेला नावाची बिअरही नको, त्यात बहुधा जव असतात.

आणि गुर्शा! प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतात. नणंदबाईंना आधीच सांगून ठेवा.

तिखटजाळ:
एवढी चौकशी करून जेवायला जायचंच कशाला? चिमूटभर मैद्याने काय होतंय? घरी बसून सोलकढी प्या.

अबोली:
तिखटजाळ, नणंद माझी आहे, तुमची नव्हे. आणि पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चिमूटभर मैदा त्याच्या कितीतरी पुढे जातो.

मांडवीकाठ, फोन केला. पहिलं उत्तर "हो हो, फ्री आहे". पिठात काय विचारल्यावर, अर्धं टेफ, अर्धा मैदा! टेफ बाहेरून मागवतात, पुरत नाही म्हणाल्या. बाई मात्र भल्या. मसुरीची आमटी, शिरो नि भाजी माझ्यासाठी आधीच वेगळ्या वाट्यांत काढून ठेवणार आहेत. मसाला घरी कांडलेला, शिरोचं पीठ घरच्या जात्यावरचं. मी डब्यात घरच्या आंबोळ्या नेते. नणंद हसून हसून पडली, पण हो म्हणाली.

आंबोळ्या तिथल्या तव्यावर गरम करून घेतल्या तर?

मांडवीकाठ:
मुळीच नाही. त्याच तव्यावर मैद्याचे इंजेरे भाजतात. गारच खा. आणि दोन जास्त न्या, नणंद मागणार.