इंग्रजीतला 'बँक' : काठ, पैसा, ढग, विमान... शब्द एक की अनेक?

अर्धविराम:
एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद करते आहे. लेखकाला 'बँक' या शब्दाचं वेड असावं. एकाच प्रकरणात नदीची बँक येते, क्षितिजावर ढगांची बँक दिसते, हॉटेलात लिफ्टची बँक असते, विमान वळताना 'बँक' होतं आणि रात्री शेकोटी 'बँक' करून सगळे झोपतात. शब्दकोशात पाहिलं तर बँक १, २, ३ अशा वेगळ्या नोंदी. मग हे योगायोगाने सारखे दिसणारे शब्द आहेत की एकाच मुळाचे? आणि पैशाची बँक यात कुठून घुसली?

माजी रोखपाल:
ज्या शब्दाने मला पगार दिला आणि आता पेन्शन देतो, त्याबद्दल विचारलंत. आता लांबण ऐकावी लागेल.

योगायोग नाही. जर्मॅनिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्यात मोडतात त्या कुळात, एक जुना शब्द होता, त्याचा अर्थ साधारण उंचवटा किंवा फळीसारखा सपाट कठडा. त्याची पोरं इंग्रजीत वेगवेगळ्या दारांनी शिरली, म्हणून कोशकार त्यांना वेगळे क्रमांक देतात. घरातच वाढलेलं पोर म्हणजे 'बेंच'. नदीकाठाची बँक बहुधा स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतली. वल्हेकऱ्यांच्या रांगेला म्हणतात ती बँक फ्रेंचमधून आली, कारण वल्हेकरी बाकांवर बसत. एकामागे एक बाक, म्हणून अर्थ 'रांग'.

पैशाची बँक सगळ्यात फिरस्ती. हाच जर्मॅनिक शब्द इटलीत गेला, तिथे 'बांको', 'बांका' झाला. मध्ययुगात तिथले सराफ बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. त्या बाकावरून धंद्याचं नाव पडलं, ते फ्रेंचमध्ये 'बांक' झालं आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलं. बँक ऑफ इंग्लंड तर थेट १६९४ची. म्हणजे इंग्रजांनी आपल्याच भाषाकुळातला शब्द इटलीहून व्याजासकट परत घेतला.

ग्रीकमध्ये आणखी मजा आहे. तिथे बँकेला आजही 'त्रापेझा' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ टेबल. भूमितीतला ट्रॅपेझियम म्हणजे त्याचंच छोटं रूप, 'छोटं टेबल'. दोन्ही भाषांना पैसा म्हटल्यावर तिजोरी नाही आठवली, फर्निचर आठवलं. काउंटरमागे इतकी वर्षं बसलेल्या माणसाला हे फार पटतं.

उलटसुलट:
'बँकरप्ट' पण त्यातलाच ना? दिवाळं निघालं की सराफाचं बाक भर बाजारात फोडत, असं वाचलंय.

माजी रोखपाल:
शब्द त्यातलाच. इटालियन 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेलं बाक. पुढे विद्वानांनी लॅटिन 'रुप्ता'च्या वळणावर त्याचं स्पेलिंग सुधारलं. कुऱ्हाड घेऊन बाक फोडण्याची गोष्ट मात्र मी अर्ध्याच विश्वासाने ऐकतो. 'धंदा मोडला' म्हणताना आपणही काही हातोडा उचलत नाही.

त्यापेक्षा मला 'माउंटबँक' आवडतो. भोंदू वैदू. हे लोक बाकावर चढून गर्दीला औषधं खपवत, म्हणून इटालियनमधल्या 'बाकावर चढ'वरून हा शब्द. 'बँक्वेट'ही छोट्या बाकावरून आलेला. आणि आपलं 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून आलंय. म्हणजे शाळेतलं बाक आणि पासबुकवाली बँक सख्खी भावंडं.

दोन_थेंब:
ब्लड बँक कोणी म्हणायला सुरुवात केली?

माजी रोखपाल:
शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमधल्या डॉ. बर्नार्ड फँटस यांनी, १९३७ साली. रक्त आधी जमा करायचं, लागेल तेव्हा काढायचं, ही कल्पना एका शब्दात बसली. डेटा बँक वगैरे सगळे याच वाटेने आले.

अर्धविराम:
हे सगळं छान, पण माझी पाच वाक्यं?

माजी रोखपाल:
नदीचा काठ, लिफ्टची रांग. ढगांना 'थर' चालेल, पण मुळात मातीच्या ढिगासारखी रास आहे, म्हणून 'ढगांची रास' जास्त जवळचं. शेकोटीतही तीच रास: विस्तव राखेने झाकून ठेवला, म्हणजे निखारे सकाळपर्यंत धुमसत राहतात. विमान 'एका कुशीवर कललं'. वळणावर रस्ता एका बाजूने उंच बांधतात, त्यालाही बँकिंगच म्हणतात. उतारावरूनच आलंय ते.

उलटसुलट:
'लेफ्ट बँक' आलं तर एक सांभाळा. नदी वाहते त्या दिशेला तोंड करायचं, मग डावीकडे येतो तो डावा काठ. पॅरिसची सेन नदी शहरातून ढोबळमानाने पश्चिमेकडे वाहते, म्हणून तिचा डावा काठ दक्षिणेला. नकाशात उत्तर वर धरून 'डावीकडचा काठ' लिहिलंत तर पात्रं भलतीकडेच जेवायला जातील.

अर्धविराम:
अरे देवा. पुढच्या प्रकरणात न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर मासेमारी आहे. मी 'भव्य किनारे' लिहून मोकळी होणार होते!

उलटसुलट:
किनारा नाहीच तो. समुद्राच्या पाण्याखालचा उंच, उथळ पठारी भाग आहे. कॉड माशांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध होता. इतकी मासेमारी झाली की १९९२मध्ये कॅनडाला तिथल्या कॉडवर बंदी घालावी लागली. नाव 'ग्रँड बँक्स'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'उथळ समुद्रातली मासेमारीची पठारं' एवढं जोडा.