मिलानची रात्र : किती वाजता, कुठे, किती युरोत? (अनुभव धागा)

धागाकर्ता
मिलानला पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या मंडळींची एक चूक ठरलेली. साडेआठला जेवायचं, दहाला कालव्यावर पोचायचं आणि मग विचारायचं, "ते ड्रिंकबरोबरचं खाणं कुठं मिळतं?" ते सहाला मांडलेलं असतं आणि नवाला उचललेलं असतं. उलट क्लबला दहाला गेलात तर आत फरशी पुसणारा माणूस भेटेल. या शहराची रात्र घड्याळावर चालते. तिथं राहणाऱ्यांनी, राहून आलेल्यांनी लिहा. "मस्त आहे, एकदा जाच" असलं नको. वेळ, भाव, स्टेशन आणि कुठे गंडतं ते लिहा.

कालवाकाठ
सुरुवात नाविल्यीपासून, म्हणजे कालव्यांच्या वस्तीपासून. मेट्रोची हिरवी लाईन म्हणजे एम२, पोर्ता जेनोव्हा स्टेशन, तिथून पाचेक मिनिटं चालत. समोर नाविल्यो ग्रांदे हा मोठा कालवा, दुसरा नाविल्यो पावेझे, आणि दोन्हींच्या टोकाला दार्सेना हे जुनं बंदर. ग्रांदेच्या अगदी काठावरची टेबलं महाग असतात. पावेझेकडे वळलं किंवा एक गल्ली आत गेलं की तेच ड्रिंक दोन-तीन युरोनं उतरतं.

आपेरितीवोची, म्हणजे ड्रिंकबरोबरच्या त्या खाण्याची, वेळ साधारण ६ ते ९. एका ड्रिंकला १० ते १५ युरो, खाणं त्यातच. पूर्वी सगळीकडे बुफे असायचा. आता बऱ्याच ठिकाणी टेबलावर एक ताटली येते, आणि त्या ताटलीत काय असेल याचा नेम नाही. कुठे फोकाच्चा (तेलातला चपटा पाव), पास्ता, भाज्या असं पोटभर, तर कुठे चार ऑलिव्ह आणि वेफर्स. बसण्याआधी शेजारच्या टेबलावर नजर टाकावी, यात लाजण्यासारखं काही नाही. पाटीवर 'आपेरिचेना' असेल तर जेवणच उरकेल असं समजा.

उन्हाळ्यात पायांना डास फोडून काढतात. चड्डी घालून जाणार असाल तर ओडोमॉस इथूनच न्या. आणि वर्षातून काही आठवडे कालवे साफसफाईसाठी रिकामे करतात. तेव्हा फोटोत पाण्याऐवजी चिखल येतो.

स्प्रित्झवाला
काय प्यायचं ते सांगतो. आपेरोल स्प्रित्झचं माप ३-२-१ : तीन भाग प्रोसेक्को ही फसफसती वाइन, दोन भाग आपेरोल हे नारिंगी मद्य, एक भाग सोडा. आपेरोल ११ टक्क्यांचं, गोडसर. काम्पारी हे लाल मद्य २५ टक्क्यांचं आणि खरोखर कडू, कारल्याची सवय असेल तर आवडेल. "रंग सारखाच आहे" म्हणून काम्पारी स्प्रित्झ मागवणारे दोन घोटांनंतर तोंड वाकडं करतात.

खास मिलानचं म्हणावं असं ड्रिंक म्हणजे नेग्रोनी स्बाल्यातो. स्बाल्यातो म्हणजे चुकलेला. काम्पारी, गोड व्हर्मुथ (मसाल्याची वाइन) आणि मूळ नेग्रोनीतल्या जिनच्या जागी फसफसती वाइन, तिन्ही सम भाग. हे १९७२च्या सुमारास बार बास्सोमध्ये मिर्को स्तोकेत्तो यांनी रुळवलं. बार प्लिनियो रस्त्यावर आहे, लाल लाईनचं (एम१) लिमा स्टेशन जवळ. पेला दोन्ही हातांनी धरावा एवढा मोठा, आत बर्फाचा एकच थोराड तुकडा. वाइन नेहमी शेवटी ओततात आणि चमचा एकदाच, खालून वर फिरवतात. जास्त ढवळलं तर बुडबुडे जातात आणि उरतं ते नुसतं कडू सरबत. एप्रिलमधल्या फर्निचर प्रदर्शनाच्या आठवड्यात मात्र तिकडे फिरकू नका. गर्दी रस्त्यावर सांडलेली असते आणि हॉटेलांचे भाव शहरभर चढलेले असतात.

गॅलेरिया या काचेच्या छताच्या बाजाराच्या तोंडाशी काम्पारीनो हा बार आहे, १९१५पासून. काउंटरला उभं राहून प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात की भाव वेगळा. हा नियम इटलीत जवळपास सगळीकडे. जेवायला बसलात तर बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ती फसवणूक नाही आणि टिपही नाही. टिप न देता उठलात तरी कुणी काही म्हणत नाही.

तूपसाखर
शाकाहारी मंडळींसाठी. सगळ्यात मोठा धोका पिवळ्याधमक रिझोत्तो आल्ला मिलानेझेचा. दिसायला केशरी भात, पण पारंपरिक कृतीत बैलाच्या हाडातला मगज आणि मांसाचा रस्सा असतो. "ब्रोदो व्हेजेताले?" म्हणजे भाज्यांचा रस्सा आहे का, हे विचारा. पियादिना नावाची पोळी आणि काही फोकाच्चे डुकराच्या चरबीत, म्हणजे 'स्त्रुत्तो'त मळतात. "सेंत्सा कार्ने" (मांस नको) एवढंच म्हटलंत तर ताटात ट्यूना येऊ शकतो, कारण मासा त्यांच्या लेखी मांस नाही. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा स्त्रुत्तो" असं पूर्ण म्हणा. पार्मिजानो आणि ग्राना पादानो चीजला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) लागतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही टाळावं.

सुटका हवी तर पोर्ता व्हेनेत्सिया (एम१). तिथल्या इरिट्रियन खाणावळींत शाकाहारी थाळी मिळते : आंबवलेल्या पिठाचं घावनासारखं इंजेरा, त्यावर डाळी, भाज्या आणि शिरो. हे शिरो म्हणजे थेट आपलं पातळ पिठलं. हातानं खायचं असतं, त्यामुळे घरच्यासारखं वाटतं. जेवण झालं की लेक्को रस्त्यावर बाहेर उभं राहून पिणारी गर्दी असते, वातावरण मोकळंढाकळं.

शेवटची गाडी
मेट्रो साडेबाराच्या आसपास संपते. त्यानंतर मेट्रोच्या मार्गावर बदली बसेस धावतात, आणि ९० व ९१ या ट्रॉलीबस बाहेरच्या रिंगवर उलटसुलट दिशांनी रात्रभर फिरतात. शुक्रवार-शनिवारच्या रात्री आणखी मार्ग असतात. म्हणून हॉटेल घेताना ते ९०-९१च्या मार्गाजवळ आहे का बघा.

शहरातलं तिकीट २०२३पासून २.२० युरो, ९० मिनिटं चालतं. बँकेचं कार्ड थेट टेकवता येतं. मात्र मेट्रोतून बाहेर पडतानाही तेच टेकवा. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन केलात तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. नवरा-बायकोत एक कार्ड चालत नाही. टॅक्सीला हात दाखवून ती थांबेल या भरवशावर राहू नका, स्टँडवर जा किंवा ॲपवरून बोलवा. रात्री मीटरच चढ्या आकड्यापासून सुरू होतो.

दारापाशी
क्लब बारानंतर भरतात, खरा जोर दीड ते तीन. तीन वाजता दारू बंद : २०१०च्या कायद्यानं पहाटे ३ ते ६ कुठल्याही बारला ती देता येत नाही. दुकानांना तर रात्री १२पासूनच विक्री बंद. अपवाद दोनच, ३१ डिसेंबर आणि १५ ऑगस्टची रात्र. त्याच कायद्यामुळे मध्यरात्रीनंतर चालणाऱ्या जागी श्वासात दारू मोजायचं यंत्र ठेवावं लागतं. गाडी चालवणाऱ्याला मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम.

प्रवेशाच्या पैशात बहुधा एक ड्रिंक धरलेलं असतं. काही ठिकाणी दारात कार्ड देतात, त्यावर ड्रिंक्सची नोंद होते आणि हिशोब बाहेर पडताना. ते हरवलं तर ठरलेली मोठी रक्कम भरावी लागते. मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवा, खिशात नको. 'आर्ची' लिहिलेल्या जागा सभासदांच्या असतात. वर्षाचं कार्ड आदल्या दिवशीच ऑनलाइन भरा, तिथले भाव क्लबपेक्षा कमी असतात.

माळ्यावरची खुर्ची
क्लबचा गोंगाट नको असेल तर ला स्काला हे ऑपेराचं नाट्यगृह. प्रयोग बहुधा आठला, उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर. बॉक्समधलं स्वस्त तिकीट घेताना ओळ बघा. पहिल्या ओळीला रंगमंच दिसतो, मागच्यांना समोरच्याची मान.

नवीन_पाहुणा
ऑगस्टमधलं तिकीट स्वस्त मिळतंय, घेऊ का? आणि मध्यरात्रीनंतर आइस्क्रीमवर बंदी आहे म्हणे?

कालवाकाठ
ऑगस्टच्या मध्यावर अर्धं शहर समुद्रावर गेलेलं असतं, निम्म्या शटरांवर सुट्टीची चिठ्ठी. जमलं तर जून किंवा सप्टेंबरची सुरुवात बघ. बंदीचं म्हणशील तर २०२४च्या उन्हाळ्यात गजबजलेल्या वस्त्यांत रात्री १२नंतर पार्सल न्यायला मनाई केली होती, गोंगाटाच्या तक्रारींमुळे. त्यात आइस्क्रीमही सापडणार अशी चर्चा झाली आणि जगभर तेवढंच छापून आलं. असा आदेश त्या त्या वर्षाचा असतो. बारवाल्याला विचार, "पोर्तार व्हिया?" म्हणजे बरोबर नेऊ का? तो नाही म्हणाला तर पेला तिथेच संपव.