मदत हवी आहे: मोंटानात शिकारीला जाताना ग्रिझली अस्वलापासून बचावासाठी पिस्तूल घ्यावं की बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा)?

नमस्कार मंडळी. मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहते. धाकटा भाऊ अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या बोझमनला नोकरी करतो, एच-वन-बी व्हिसावर. ऑक्टोबरअखेर ऑफिसातल्या मित्रांबरोबर एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचं त्याने ठरवलंय. शिकार बरी की वाईट, हा वाद कृपया इथे नको. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने मनाई आहे, तिकडे रीतसर परवाना मिळतो आणि मांस घरात खाल्लं जातं. मला घोर लागलाय तो ग्रिझलीचा.

खरी पंचाईत एल्क पडल्यानंतर होते म्हणे. दोघंजण गुडघे टेकून जनावर सोलतायत, हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेत, रायफल झाडाला टेकवलेली आणि वासावर अस्वल येतं. म्हणून त्याचे मित्र छातीवरच्या होल्स्टरमध्ये टेन एमएमचं पिस्तूल ठेवतात. यालाही तेच घ्यायचंय.

मी थोडं वाचलं. स्मिथ आणि हेरेरो यांच्या अलास्कातल्या अभ्यासांत स्प्रेने तपकिरी अस्वल (ग्रिझली त्यातलंच) आवरल्याचं प्रमाण ९२ टक्के आहे (२००८), तर हातातल्या छोट्या बंदुकांचं यश ८४ टक्के (२०१२). अर्थात स्प्रेच्या नोंदींत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही बरीच आहेत, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून निकाल लावणं मला पटत नाही. तरी माझा कल स्प्रेकडेच आहे. ग्रिझली ताशी ५० किलोमीटरच्या वर पळतं. नवख्या माणसाचा नेम तेवढ्यात काय लागणार? फवारा निदान पसरतो तरी. पण वारा आपल्याच तोंडावर असला तर काय करतात?

भाऊ म्हणतो, "ताई, आपण येऊरच्या पायथ्याशी वाढलोय, बिबट्याला कधी घाबरलो का?" अरे, पण बिबट्या मोठ्या माणसाला शक्यतो टाळतो! इथे आपल्याला सांगतात वाकू नका, खाली बसू नका. तिथे पिल्लांची आई अंगावर आलीच, तर पोटावर पालथं पडून मानेवर हात घ्यायचे असतात. इथली सवय तिथे जिवावर बेतेल अशी मला भीती वाटते.

दुसरी काळजी व्हिसाची. अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. मग परवान्याची मुदत संपल्यावर पिस्तूल घरात राहिलं तर तो गुन्हा होतो का? मित्राकडे ठेवायला दिलं तर चालतं का? त्याचे मित्र तिथलेच नागरिक, त्यांना हा प्रश्न कधी पडलेलाच नाही.

मोंटाना, वायोमिंग, अलास्का भागात राहिलेलं, त्यातून स्वतः व्हिसावर असताना शिकारीला गेलेलं कुणी इथे असेल तर कृपया अनुभव लिहा. स्प्रे कमरेला लावायचा की छातीवर, सराव कसा करायचा, हेही सांगा. पुढच्या आठवड्यात तो पिस्तूल घ्यायला दुकानात जाणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.